मांडीवरचा जीव

मुक्या प्राण्यावर माणसाने किती पैसा खर्चावा आणि किती जीव लावावा, हा प्रश्न आमच्यापुढे कोणत्या ग्रंथातून आला नाही. तो धुळ्याहून टपालाने आला. पत्र धाडणाऱ्या बाई आमच्या जुन्या परिचयाच्या. आयुष्यभर शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, वय अडुसष्ट. यजमान जाऊन सहा वर्षे झाली, एकुलता मुलगा आखातात. कुशलवृत्त संपल्यावर त्यांनी लिहिले होते : "भाऊ, मुलगा म्हणतो, सोबतीला चिवावा जातीचे एक पिल्लू घेऊन देतो. घ्यावे का? आमच्या आळीत पोरांना वह्या घ्यायला पैसे नसतात आणि मी कुत्र्यावर हजारो रुपये घालायचे, हे देवाला चालेल का?"

आम्ही उलट टपाली उत्तर धाडले. दारात येणाऱ्या गावठी कुत्र्याला भाकरी घाला, विकतचे कुत्रे हवे कशाला, असा त्याचा आशय होता. पत्र पेटीत पडले आणि त्यानंतर ते आम्हालाच टोचू लागले. जे उत्तर देताना आपल्या पदरचे काही जात नाही, ते बहुधा घाईचे असते.

खरे तर या विषयावर चर्चचे म्हणणे स्पष्ट आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात प्राण्यांविषयी जी मोजकी कलमे आहेत, त्यांत प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही असे म्हटले आहे. त्याचबरोबर जो पैसा आधी माणसाच्या दुःखनिवारणासाठी खर्च व्हायला हवा तो प्राण्यांवर उधळणेही अनुचित ठरवले आहे. प्राण्यांवर प्रेम करावे, मात्र माणसाच्या वाट्याची माया त्यांना देऊ नये, असा त्याचा समतोल आहे. आम्ही त्यातला पैशाचा तेवढा भाग उचलला आणि एका एकाकी स्त्रीच्या अंगावर छडीसारखा उगारला. वाचकहो, लग्नाच्या पंगतीचा, जरीच्या साडीचा किंवा दर दोन वर्षांनी बदलल्या जाणाऱ्या मोबाइलचा हिशेब आळीतल्या वह्यांशी कोणी लावत नाही. तो लावला जातो तो नेमका म्हातारीच्या कुत्र्याशी.

शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात नाथान संदेष्टा दावीद राजाला जी गोष्ट सांगतो, ती या संदर्भात आम्हाला पुन्हा वाचावीशी वाटली. त्यातील गरिबाजवळ एकच कोकरी आहे. ती त्याच्या घासातले खाते, त्याच्या पेल्यातले पिते, त्याच्या कुशीत निजते, त्याला लेकीसारखी आहे. संदेष्ट्याने या मायेला कुठेही नावे ठेवलेली नाहीत. दोष आहे तो ती कोकरी हिरावणाऱ्या धनवानाचा. मांडीवरचा प्राणी हे केवळ श्रीमंतांचे खूळ नव्हे, हे एवढ्यावरून पटावे. मत्तयच्या शुभवर्तमानात कनानी स्त्री मेजाखाली पडणाऱ्या चुऱ्याबद्दल बोलते, तेथेही मूळ ग्रीक शब्द लहानग्या कुत्र्यांसाठी वापरायचा आहे. उकिरड्यावर फिरणाऱ्यांसाठीचा नव्हे.

तेव्हा पैशाचा मुद्दा आम्ही बाजूला ठेवला आणि पत्रातल्या त्या अनोळखी शब्दाकडे वळलो. चिवावा म्हणजे काय? उत्तर मेक्सिकोतील एका प्रांताचे हे नाव. त्यावरून ओळखली जाणारी ही जात जगातील सर्वांत लहान कुत्र्यांची. पूर्ण वाढ झाल्यावरही वजन साधारण दीड ते तीन किलो. डोके सफरचंदासारखे गोल, कान मोठे, डोळे पुढे आलेले. तान्ह्या बाळाची टाळू जशी मऊ असते, तशी काही चिवावांची आयुष्यभर राहते. खाटेवरून उडी मारली तर पायाचे हाड मोडू शकते. गुडघ्याची वाटी सरकणे हेही नेहमीचे. श्वासनलिका नाजूक म्हणून गळ्यात पट्टा न बांधता तो छातीभोवती बांधावा लागतो. पिल्लू काही तास उपाशी राहिले तर रक्तातील साखर उतरून ते कोसळते, म्हणून दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे भरवायचे. दात लवकर किडतात. आणि एवढे सारे सांभाळले तर हा जीव चौदा-सोळा वर्षे जगतो.

आता हा जीव खानदेशात आणून पाहावा. जळगावला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही; जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा उपाय, आणि दुपारच्या डांबरी रस्त्यावर त्याचे तळवे पोळतात. तीच गत उलट बाजूने धुळ्याची. थंडीच्या लाटेत तेथे पारा सहा अंशांच्याही खाली उतरतो आणि दोन किलोच्या देहात ऊब टिकत नाही. भरीत आणि शेवभाजी करणाऱ्या घरात कांदा-लसणावाचून पान हलत नाही. कुत्र्याला हे दोन्ही विषासमान. म्हणजे आपल्या ताटातला घास त्याला घालण्याची सोयही नाही. (केळ्याचा लहानसा तुकडा चालतो, जळगावकरांनी तेवढे समाधान मानावे.) जनावरांचे डॉक्टर आपल्याकडे आहेत, परंतु त्यांच्या दारात उभ्या असतात त्या गाई-म्हशी आणि शेळ्या. एवढ्या लहान कुत्र्याला भूल किती द्यायची, याचा सराव असलेला डॉक्टर आधी शोधून ठेवावा लागतो.

हे सारे वाचताना आमच्या मनात जो विचार आला तो असा की, ही नाजूकता निसर्गाची देणगी नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या लहानात लहान नर-मादी निवडून माणसाने ती घडवली आहे, ती आपल्या मांडीच्या मापाने. पिल्लांची डोकी मोठी आणि आईची कंबर अरुंद, म्हणून या जातीत पुष्कळदा पोट चिरूनच प्रसूती करावी लागते. बाजारात 'टीकप' म्हणून जे अधिक महाग विकले जाते ती वेगळी जात नाही. त्याच जातीतील अधिकच खुरटलेले पिल्लू ते. आपल्या देशाने हा खेळ पूर्वीही पाहिला आहे. २००३ साली हच कंपनीच्या जाहिरातीत एका मुलामागे धावणारा पग दिसला आणि शहरोशहरी पगची मागणी वाढली. चपट्या नाकाच्या त्या जीवाला आपल्या उन्हाळ्यात श्वास पुरत नाही, याची चौकशी घेणाऱ्यांनी नंतर केली. २०१७ च्या नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्याने राज्य मंडळाकडे नोंदणी करायची असते आणि आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. कायदा एवढे सांगू शकतो. घरी नेल्यानंतर काय, हे त्याला सांगता येत नाही.

आमच्या जळगावातच त्याचे उत्तर आम्हाला पाहायला मिळाले. शोध घेता घेता एका सुखवस्तू घरात चार वर्षांचा चिवावा असल्याचे कळले. मुलीच्या वाढदिवसाला आणलेला. त्या दीड वितीच्या जीवाचे नाव हौसेने 'टायगर' ठेवलेले. पहिल्याच वर्षी सोफ्यावरून पडून त्याचा मागचा पाय मोडला, तो जुळला पण किंचित वाकडा. मुलगी मोठी झाली, अभ्यास वाढला. पाहुण्यांवर भुंकतो म्हणून आता तो दिवसाचा बराच वेळ मागच्या खोलीत. घरची मंडळी दुष्ट नव्हती, त्यांनी आम्हाला चहा दिला आणि प्रामाणिकपणे सांगितले, "आम्हाला वाटले होते, लहान कुत्र्याचे काम लहान असेल."

त्या दिवशी घरी परतताना आम्हाला बाईंना दिलेला आमचा सल्ला नव्याने दिसला. गावठी कुत्र्याला भाकरी घाला, असे आम्ही म्हटले होते. आम्ही स्वतः किती वर्षे घालतो आहोत! पण आमच्या दारच्या त्या तांबड्या कुत्रीला रेबीजची लस टोचली आहे का, तिचे दर वर्षीचे वेत कुठे जातात, हे आम्ही कधी विचारलेले नाही. भाकरी घालून दार लावून घेतले की आमचा धर्म संपतो. पोळ्याला बैलाला पुरणपोळी भरवायची आणि थकल्यावर त्याच बैलाला बाजार दाखवायचा, हीही आपल्याच मुलखाची रीत. निवडलेल्या जीवाचे ऋण मात्र असे हप्त्याने फिटत नाही. माणसाने त्याला परावलंबी घडवले, आणि घेणाऱ्याने ते परावलंबन दाम मोजून आपल्या नावावर करून घेतले. गावठी कुत्री आमच्यावाचून दुसरे दार शोधील; टायगरला मागच्या खोलीवाचून जागा नाही. म्हणून ही जात हौसेने नव्याने मागवू नये, असे आमचे मत झाले. प्रत्येक मागणीमागे आणखी एका मादीचे पोट चिरले जाणार. परंतु जो जन्माला येऊन बसला आहे, त्याचे काय?

आम्ही बाईंना दुसरे पत्र लिहिले. आधीचे उत्तर मागे घेतो, असे प्रथम लिहिले. मग टायगरची हकीकत, पायासकट. आणि एक अप्रिय प्रश्न : त्याचे वय चार, अजून दहा वर्षे तो जगेल, तुमच्या पश्चात त्याला कोण पाहील? अडुसष्ट वर्षांच्या बाईला हे विचारणे सभ्यतेला धरून आहे की नाही, याचा आम्ही दोन दिवस विचार केला आणि तरीही विचारले.

बाईंचे उत्तर तीन आठवड्यांनी आले. त्यांनी भाचीशी बोलून तिचा होकार लेखी घेतला होता, धुळ्यातील एका डॉक्टरांना भेटून आल्या होत्या, आणि मुलगा पिल्लासाठी जी रक्कम देणार होता तिच्यातून आळीतल्या चार मुलांच्या वह्या घेऊन उरलेली कुत्र्याच्या औषधपाण्यासाठी वेगळी ठेवली होती. शेवटी एकच प्रश्न होता : त्याला कशाची भीती वाटते?

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका ओळखीच्या गाडीतून, एरंडोल-पारोळा मार्गे, आम्ही टायगरला धुळ्याला पोचवले. बाईंनी त्याचे नाव बदललेले नाही. जुन्या शालीची दोन अंगडी त्यांनी शिवली आहेत. त्याने उंचावरून उडी मारू नये म्हणून खाट काढून त्या जमिनीवर गादी टाकून झोपतात. सकाळी उठताना होणाऱ्या गुडघ्यांच्या दुखण्याची तक्रार प्रत्येक पत्रात असते.