तिकीट आणि प्रायश्चित्त

दोन-तीन दिवसांच्या सवडीत बार्सेलोना पाहणाऱ्याच्या यादीत साग्रादा फामिलिया हे चर्च बहुधा पहिल्या क्रमांकावर असते. वर्षाला पंचेचाळीस लाखांहून अधिक माणसे तिकीट काढून आत शिरतात. तिकीट आधीच ऑनलाइन काढलेले असते, त्यावर आत जाण्याची वेळ ठरलेली असते, दाराशी सामानाची तपासणी होते आणि कानाला ऑडिओ गाइड लागतो. या वास्तूच्या पूर्ण नावात मात्र ती ‘प्रायश्चित्त-मंदिर’ असल्याचे म्हटले आहे. प्रायश्चित्तासाठी उभारायच्या मंदिराचा खर्च पर्यटकांच्या तिकिटांतून निघतो, यात धर्मविचारातला एक जुना प्रश्न उभा राहतो. नुसते पाहायला आलेला माणूस देवघराला काय देतो आणि त्या देण्याला दान म्हणता येते का?

मंदिराची कल्पना धर्मगुरूची नव्हती, एका पुस्तकविक्रेत्याची होती. जोसेप मारिया बोकाबेया याने 1866 मध्ये संत जोसेफच्या भक्तांची एक संस्था काढली. कारखानदारी वाढत होती, कामगार वस्त्या चर्चपासून दुरावत होत्या, आणि युरोपभरच्या कॅथलिकांना हा काळ पापाचा वाटत होता. त्या सामूहिक पापाची भरपाई म्हणून एक मंदिर बांधावे आणि ते भक्तांच्या देणग्यांवरच उभे राहावे, असे ठरले. सरकारचा किंवा धर्मप्रांताचा पैसा त्यात नको होता. 19 मार्च 1882 रोजी, संत जोसेफच्या सणाच्या दिवशी, पायाभरणी झाली. पुढच्याच वर्षी आंतोनी गाउदी या तरुण वास्तुरचनाकाराकडे काम आले आणि मरेपर्यंत त्याच्याकडेच राहिले.

देणग्यांचा आग्रह हिशेबाच्या सोयीसाठी नव्हता. कॅथलिक परंपरेत प्रार्थना, उपवास आणि दानधर्म ही प्रायश्चित्ताची तीन अंगे मानली जातात. यातला दानधर्म प्रायश्चित्त ठरतो तो देणाऱ्याला काही तरी सोडावे लागते म्हणून. बदल्यात काही मिळाले की तो व्यवहार होतो. शिवाय एकाने केलेली भरपाई दुसऱ्याच्या, अगदी अनोळखी माणसाच्या पापालाही लागू पडू शकते, अशी त्या परंपरेची श्रद्धा आहे. देणगी आटली की काम थांबायचे, आणि ते थांबणेही या विचारात बसत असे. कवी जुआन मारागालने 1905 मध्ये वर्तमानपत्रातून शहराकडे मंदिरासाठी हात पसरला. उतारवयात गाउदी स्वतः लोकांकडे देणग्या मागत फिरला. 7 जून 1926 रोजी त्याला ट्रामची धडक बसली तेव्हा अंगावर इतके जुनेर होते की लोकांना तो कुणी भिकारी वाटला, आणि त्याला गोरगरिबांच्या इस्पितळात नेण्यात आले. तिसऱ्या दिवशी तो गेला. त्याची कबर मंदिराच्याच तळघरात आहे.

आज पैशाचा ओघ बदलला आहे. 1936 च्या स्पॅनिश यादवीत कार्यशाळा जळाली, गाउदीचे प्लास्टरचे नमुने फुटले आणि त्यानंतर बांधकाम कित्येक दशके रखडत चालले. 1992 च्या ऑलिंपिकनंतर शहरात पर्यटकांचा लोंढा सुरू झाला आणि कामाला वेग आला. 2010 मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी मंदिराचे पवित्रीकरण केले. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये मंदिराच्या मधल्या, येशूच्या मनोऱ्याने तोवर जगात सर्वांत उंच असलेल्या जर्मनीतल्या उल्म चर्चची उंची ओलांडली. या मनोऱ्याची नियोजित उंची 172.5 मीटर आहे. माणसाच्या हातचे काम देवाने केलेल्या डोंगरापेक्षा उंच असू नये, म्हणून गाउदीने ती शहरातल्या मोन्जुइक टेकडीपेक्षा थोडी कमी धरली होती. ही नम्रता जगातले सर्वांत उंच चर्च बांधताना दाखवलेली आहे, हेही विसरू नये.

तिकीट म्हणजे पवित्र वस्तूची विक्री, असा आक्षेप सहज घेता येतो. चर्चच्या कायद्यात त्याला उत्तर आहे. 1983 च्या धर्मसंहितेतील कलम 1221 नुसार उपासनेच्या वेळी चर्चमधला प्रवेश मुक्त आणि विनामूल्य असला पाहिजे. म्हणजे विकले जाते ते पाहणे; उपासना विकली जात नाही. कायद्याच्या दृष्टीने ही वाटणी स्वच्छ आहे. इतरत्र ती चालूनही जाते. गाउदीच्या वास्तूत मात्र ती टिकत नाही, कारण इथे पाहणे हाच भक्तीचा मार्ग म्हणून योजलेला आहे. पूर्वेकडचा जन्मदर्शनी भाग म्हणजे वाचता न येणाऱ्यांसाठी दगडात कोरलेली ख्रिस्तजन्माची कथा. तिथल्या दोन मोठ्या खांबांच्या तळाशी दोन कासवे आहेत, समुद्राच्या बाजूला समुद्री आणि डोंगराच्या बाजूला जमिनीवरचे. आतले खांब वर जाऊन झाडांसारखे फुटतात. सकाळी पूर्वेच्या काचांतून निळा-हिरवा उजेड येतो, दुपार कलली की पश्चिमेकडून तांबडा-नारिंगी. हे डोळे भरून पाहणाऱ्याचे पाहणे कुठे संपले आणि प्रार्थना कुठे सुरू झाली, हे दारावरचा तिकीट-तपासनीस सांगू शकणार नाही.

संत ऑगस्टीनला ही सरमिसळ पटली नसती. ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात त्याने डोळ्यांच्या हावेला एक स्वतंत्र मोह ठरवले आहे. माणसे उंच डोंगर, समुद्राच्या लाटा आणि तारे पाहायला जातात, पण स्वतःकडे बघायचे राहून जाते, अशी त्याची तक्रार आहे. 1336 मध्ये मों व्हान्तूच्या शिखरावर पोहोचलेल्या पेत्रार्कने पुस्तक उघडले ते नेमके याच पानावर, आणि तो खजील झाला, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. बार्सेलोनाच्या यादीत एका दिवशी साग्रादा फामिलिया, ग्वेल पार्क आणि बाजारपेठ कोंबणाऱ्याला ऑगस्टीनचे बोल लागू पडतात, यात शंका नाही. तरी त्याची तक्रार नीट पाहिली तर तिचा रोख डोळ्यांपेक्षा विसरण्यावर आहे.

उलट बाजू सिमोन वेलच्या आयुष्यात सापडते. ही फ्रेंच विचारवंत 1936 च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे बार्सेलोनातली चर्च नुकतीच जाळली गेली असताना, यादवीत भाग घ्यायला या शहरात आली होती. पुढच्या वर्षी ती इटलीत भटकंतीला गेली. असिसीच्या सांता मारिया देलि आंजेलि चर्चमधल्या जुन्या छोट्या प्रार्थनागृहात आयुष्यात पहिल्यांदा तिचे गुडघे टेकले. ती भक्त म्हणून तिथे गेली नव्हती. अवधान त्याच्या सर्वोच्च रूपात प्रार्थनाच असते, हा तिचा पुढचा विचार प्रसिद्ध आहे. तो मान्य केला, तर पाहणारा आणि भजणारा यांच्यातली भिंत पातळ होते. मात्र अवधानाला वेळ लागतो, आणि वेळ छापून दिलेल्या तिकिटावर तो कमीच मिळतो.

मारागालने एक तिसरी बाजू मांडली आहे. 1909 च्या जुलैमध्ये बार्सेलोनात उठाव झाला आणि अनेक चर्च व मठ जाळले गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याने ‘जळलेले चर्च’ हा लेख लिहिला. होरपळलेल्या भिंती, साधे लाकडी टेबल आणि आत येणारा वारा यांच्यामध्ये ऐकलेल्या मिस्साविधीसारखा विधी आपण आधी कधी ऐकला नव्हता, असे त्याने त्यात म्हटले. चर्च पुन्हा श्रीमंती थाटात बांधून बंद करू नका, ज्या गरिबांनी ते जाळले त्यांनाच आत येऊ द्या, हा त्याचा आग्रह होता. मंदिर सुंदर हवे की उघडे, या वादात त्याने उघडे निवडले. मंदिरासाठी देणगी मागणाराही हाच माणूस होता, म्हणून त्याच्या शब्दाला वजन आहे.

त्याच शहरात सांता मारिया देल मार हे चौदाव्या शतकातले चर्च आहे. बंदरावरच्या हमालांनी मोन्जुइकच्या खाणीतून पाठीवर दगड वाहून ते उभे राहायला हातभार लावला. दाराच्या धातूवर ओझे वाहणाऱ्या हमालांच्या लहान आकृती आजही दिसतात. संत इग्नेशियस लोयोला बार्सेलोनात होते तेव्हा याच चर्चपाशी बसून त्यांनी भिक्षा मागितली. त्यांचे सोबती फ्रान्सिस झेवियर 1542 मध्ये गोव्यात उतरले आणि त्यांचा देह जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकेत आहे. तिथे आत जायला तिकीट नाही. नवस फेडायला आलेला आणि सहलीला आलेला, दोघे एकाच दारातून जातात.

साग्रादा फामिलियाच्या तिकिटाला दान म्हणणे ओढूनताणून होईल. घेणाऱ्याला त्याचा मोबदला मिळतो आणि तो समाधानाने परततो. शिवाय हा पैसा शहरावर नवे ओझे टाकतो. पर्यटनामुळे भाडी वाढून त्रस्त झालेल्या रहिवाशांनी 2024 च्या जुलैमध्ये निदर्शनांच्या वेळी पर्यटकांवर पाण्याच्या पिस्तुलांतून पाणी उडवले. मुख्य दर्शनी भागापुढच्या नियोजित जिन्यासाठी समोरच्या इमारती पाडाव्या लागतील की काय, हा वादही चालूच आहे. दीडशे वर्षांकडे झुकलेल्या या बांधकामाला महापालिकेचा रीतसर परवाना 2019 मध्ये मिळाला. त्याआधी झालेल्या कराराप्रमाणे मंदिराला शहराच्या सोयीसुविधांसाठी दहा वर्षांत 3 कोटी 60 लाख युरो द्यायचे आहेत. पापाची भरपाई करायला निघालेल्या मंदिरावर शेजाऱ्यांची भरपाई करण्याची वेळ आली, आणि या दुसऱ्या भरपाईत मोबदल्याची अपेक्षा पहिलीपेक्षा कमी आहे.

तळघरातल्या प्रार्थनागृहात नेहमीची उपासना चालते. तिचे दार वेगळे आहे आणि तिकीट लागत नाही. वरच्या मुख्य दालनातही रविवारी सकाळी नऊ वाजता आंतरराष्ट्रीय मिस्साविधी होतो. त्यालाही तिकीट नाही; जागा मर्यादित असतात आणि आधी येणाऱ्यांना मिळतात.