मिठाआधीचा वाटा

रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर रताळी उकडत असतात. उपास कुणाचाच नसतो, ती भुरीसाठी असतात. भुरी म्हणजे चार वर्षांपूर्वी भर पावसात जिन्याखाली येऊन बसलेली आणि मग कायमची आमची झालेली कुत्री. तिच्या आठवडाभराच्या खाऊला फार काही लागत नाही. एक मोठं उकडलेलं रताळं सोलून कुस्करायचं, त्यात एक अंडं फोडायचं आणि मावेल तेवढं नाचणीचं पीठ घालायचं. पुरीच्या कणकेसारखा घट्ट गोळा झाला की जरा जाडसर लाटायचं आणि करंज्यांच्या कातण्यानं शंकरपाळ्यांसारखे लहान तुकडे पाडायचे. ओव्हन असेल तर १६० अंशांवर साधारण अर्धा तास. नसेल तर जाड तव्यावर, मंद आचेवर, उलटसुलट करत कडक होईपर्यंत भाजायचे. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरायचे, नाहीतर आतल्या वाफेनं बुरशी धरते. फ्रिजमध्ये आठवडाभर छान राहतात. या एवढ्याशा कामात दर रविवारी एक क्षण येतो. पीठ भिजवताना माझा हात आपोआप मिठाच्या बरणीकडे जातो. इतक्या वर्षांची सवय आहे ती. आणि मग तो हात तिथेच थांबतो.

पहिल्यांदा हे तुकडे केले तेव्हा आई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारीच उभ्या होत्या. "अगं, मीठ नाही घातलंस? अळणी कसं उतरेल तिच्या घशाखाली?" त्यांना खरंच काळजी वाटली होती. त्यांच्या माहेरी कुत्र्याला रात्रीची उरलेली भाकरी आणि पातेल्याच्या तळाची आमटी मिळायची. प्रेमानंच मिळायची. पण उरलेल्या अन्नात आपली चव आधीच मुरलेली असते. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, मग ते कच्चे असोत की फोडणीत परतलेले. द्राक्षांनी आणि बेदाण्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, म्हणून प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणासुद्धा नको. चॉकलेट नको. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये जे झायलिटॉल असतं, ते तर अगदी थोडंही घातक. तेव्हा आपलं झाल्यावर तिला, असं करून चालत नाही. तिचा वाटा चव पडण्याआधीच बाजूला काढावा लागतो. त्या वाट्यालाही माप आहे. पशुवैद्य सांगतात की दिवसभराच्या आहाराचा दहावा हिस्सा, त्याहून जास्त खाऊ नको. १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला ६०० च्या आसपास कॅलरी लागतात, म्हणजे खाऊच्या वाट्याला ६० आल्या. अर्ध्या पोळीतच संपतात त्या! म्हणून तुकडे नखाएवढे. कुत्र्याला मधुमेह किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर मात्र आधी पशुवैद्यांना विचारूनच काय ते द्यावं. आणि अळणीचं म्हणाल तर भुरीला त्याचं काहीच नसतं. तिची अर्धी चव नाकातच असते. रताळं सोलायला घेतलं की ती गॅलरीतून उठून आत येते, आणि तव्यावर नाचणीचा खमंग वास सुटेपर्यंत उंबऱ्यावरून हलत नाही.

२०१३ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी कुत्र्यांची आणि लांडग्यांची जनुकं शेजारी शेजारी ठेवून तपासली. पिठूळ अन्न पचवायला लागणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यांकडे दोनच प्रती होत्या. कुत्र्यांकडे ४ पासून ३० पर्यंत सापडल्या. माणसाच्या चुलीजवळ राहता राहता, त्यानं टाकलेलं धान्याचं अन्न खाता खाता, कुत्र्याचं पोटच बदलत गेलं होतं. हे वाचल्यापासून भुरीला नाचणीचा तुकडा देताना मला दर वेळी ते आठवतं. हजारो वर्षं आपल्या सोबतीला राहून ही जात आपली भाकरी पचवायला शिकली. तिच्यासाठी आपण एक चिमूट मीठ थांबवायचं, हे त्यापुढे किती लहान आहे! तसं आधी काढून ठेवणं आपल्या घरांना नवं नाही. गोग्रास घरच्यांच्या जेवणाआधी निघतो. वैश्वदेव करणाऱ्या घरांत कुत्र्याचाही घास आधीच बाजूला ठेवत. नैवेद्याचं पान वाढून होईपर्यंत स्वयंपाक चाखायचा नाही, हे तर आजही कितीतरी घरांत पाळतात. मला वाटतं, उरलेलं देताना आपलं काही अडत नाही. आपली चव, आपली भूक, आपली घाई, सगळं पुरं झालेलं असतं. आधी काढायचं म्हटलं की हात क्षणभर थांबवावा लागतो आणि दुसऱ्याच्या पोटाला काय मानवेल ते आठवावं लागतं. तो क्षण मला फार मोलाचा वाटतो.

गेल्या थंडीत असाच हात थांबला आणि नजर शेजारी उकळणाऱ्या आमटीवर गेली. बाबांना, माझ्या सासऱ्यांना, रक्तदाबाचा त्रास आहे. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगून दोन वर्षं झाली होती. मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही पुरता नाही. आणि आम्ही? आमटी सगळ्यांच्या चवीची करत होतो आणि बाबांच्या पानाशी बसून "बाबा, लोणचं नको हं, पापड अर्धाच घ्या" म्हणत होतो. भुरीचा वाटा आधी निघत होता आणि बाबांच्या वाट्याला फक्त आमच्या सूचना येत होत्या. मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी वाटीभर आमटी मीठ पडण्याआधी लहान पातेल्यात काढली. त्यात एक आमसूल जास्तीचं टाकलं, थोडं ओलं खोबरं, मूठभर कोथिंबीर आणि अगदी नावाला मीठ. बाबा जेवताना काही बोलले नाहीत, पण आमटी दुसऱ्यांदा मागून घेतली. माझ्या आईला मी रात्री सगळी कामं आवरल्यावर फोन करायचे, जांभया देत. तोही आता सकाळी करते, चहाला आधण ठेवल्या ठेवल्या. पाचच मिनिटं होतात, पण आवाज ताजा असतो. ती परवा म्हणाली, "हल्ली तू नीट ऐकतेस बघ." रविवारचं कातणं आता बाबांच्या हातात गेलं आहे. त्यांचे तुकडे लहानमोठे होतात, आणि कडेचा वेडावाकडा तुकडा आधी भाजून भुरीला द्यायचा, असा त्यांचा नियम आहे. ती त्यांच्या पावलावर हनुवटी टेकून वाट बघते. पलीकडे आई आमटीच्या पातेल्याशी उभ्या असतात. मिठाची बरणी त्यांच्या हातात असते, पण झाकण लावलेलं असतं. "काढलं का गं सगळ्यांचं?" त्या विचारतात. मी ओट्यावरून एकदा नजर फिरवते. भुरीचं पीठ, बाबांचं लहान पातेलं. "काढलं, आई." मग त्या झाकण उघडतात.