जेत्यांचा धर्म, जितांचे दैवत

पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील दर्यावर्दी ज्या नव्या भूभागांवर उतरले तेथे माणसे राहत होती. त्यांची शेते होती, राजे होते, देवळे होती आणि देवही होते. त्यामुळे त्या भूमीवर सत्ता सांगणाऱ्या राजापुढे एक प्रश्न अटळपणे उभा राहत होता : जे लोक कधीच आपले प्रजाजन नव्हते, ज्यांनी आपले काही बिघडवलेले नाही आणि ज्यांनी आपल्या धर्माचे नावही ऐकलेले नाही, त्यांच्यावर राज्य करण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळतो? स्पेनमध्ये हा प्रश्न उघडपणे विचारला गेला, आणि तोही धर्मशास्त्राच्या परिभाषेत, कारण स्पेनच्या राजांनी आपला हक्क मुळात धर्मावरच उभा केला होता. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील मठांत, विद्यापीठांत आणि राजसभेत झालेला हा ऊहापोह बहुधा वसाहतींच्या इतिहासातील एक प्रकरण म्हणून सांगितला जातो. त्याचे खरे मोल मात्र तत्त्वज्ञानात आहे. कारण त्या वादाच्या ओघात परक्याच्या उपासनेला काय अर्थ असतो हा प्रश्न निघाला आणि एका ख्रिस्ती बिशपाने त्याला जे उत्तर दिले, ते त्या काळात दुसरा कोणी देऊ धजला असता असे वाटत नाही.

हक्काचे मूळ पोपच्या आज्ञापत्रांत होते. शिक्कामोर्तब झालेली ही आज्ञापत्रे ‘बुल’ या नावाने ओळखली जातात. 1455 मध्ये पाचव्या निकोलस पोपने पोर्तुगालच्या राजाला आफ्रिकेच्या किनाऱ्याकडील मुलूख जिंकण्याचा आणि तेथील ख्रिस्तेतरांना दास करण्याचा अधिकार दिला होता. ऑक्टोबर 1492 मध्ये कोलंबस कॅरिबियन बेटांवर पोहोचल्यानंतर, मे 1493 मध्ये, सहाव्या अलेक्झांडर पोपने अझोर आणि केप व्हर्ड बेटांच्या पश्चिमेस शंभर लीग अंतरावर एक रेषा कल्पून तिच्यापलीकडचे प्रदेश स्पेनमधील कॅस्टिलच्या राजाराणीला देऊन टाकले. पुढल्याच वर्षी तोर्देसियास येथील तहात पोर्तुगाल व कॅस्टिल यांनी ती रेषा आपसांत ठरवून केप व्हर्डच्या पश्चिमेस 370 लीगपर्यंत सरकवली. या देणगीला तेथील लोकांत ख्रिस्ती धर्माचा प्रसार करण्याची अट जोडलेली होती. पुढच्या साऱ्या वादाचे बीज या अटीतच आहे. कारण उपदेश करण्याचे कर्तव्य आणि राज्य करण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिल्यातून दुसरी निघते असे धरून चालल्यावाचून त्या आज्ञापत्राचा राजकीय उपयोग होत नव्हता.

प्रत्यक्षात जे घडत होते त्याचे नाव होते ‘एन्कोमिएन्दा’. या व्यवस्थेत ठरावीक गावांतील माणसे एखाद्या स्पॅनिश वसाहतवाल्याच्या हवाली केली जात. त्याने त्यांना धर्मशिक्षण द्यावे आणि त्यांनी त्याच्यासाठी शेतांत व सोन्याच्या खाणींत राबावे, असा तिचा कागदावरचा अर्थ होता. डिसेंबर 1511 मध्ये हिस्पानिओला बेटावरील सांतो दोमिंगो येथे आंतोनियो दे माँतेसिनोस या डॉमिनिकन संघाच्या साधूने व्यासपीठावरून वसाहतवाल्यांना विचारले की ही माणसे माणसे नाहीत काय, त्यांना विवेकशील आत्मा नाही काय, आणि कोणत्या अधिकाराने तुम्ही त्यांना अशा दास्यात ठेवता. श्रोत्यांत कोलंबसाचा मुलगा व बेटाचा राज्यपाल दिएगो हाही होता. प्रवचनाचा मजकूर मठातील सर्व साधूंनी मिळून ठरवलेला असल्यामुळे, शब्द मागे घ्यावेत या मागणीला मठाने दाद दिली नाही. पुढच्या चाळीस वर्षांतील सारी चर्चा या एका रविवारच्या प्रवचनाचे भाष्य आहे, असे म्हणण्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

राजसत्तेने या प्रश्नाला पहिले उत्तर दिले ते एका दस्तऐवजाच्या रूपाने. 1513 च्या सुमारास हुआन लोपेस दे पालासिओस रुबिओस या राजविधिज्ञाने ‘रेकेरिमिएंतो’, म्हणजे ‘मागणीपत्र’, तयार केले आणि शस्त्र उचलण्यापूर्वी प्रत्येक सेनानायकाने ते समोरच्या लोकांना वाचून दाखवावे असा नियम झाला. ईश्वराने सृष्टी निर्माण केली, त्याने संत पीटरला व त्याच्या वारसांना सर्व मानवजातीवर अधिकार दिला, त्या वारसांपैकी एका पोपने ही भूमी स्पेनच्या राजांना दिली; म्हणून चर्चचे व राजाचे श्रेष्ठत्व मान्य करावे, अन्यथा युद्ध होईल, बायकामुलांना दास केले जाईल आणि त्या मृत्यूंचा दोष ऐकणाऱ्यांवरच राहील, असा त्याचा आशय होता. ते पुष्कळदा दुभाष्याशिवाय, काही वेळा तर ओसाड झालेल्या गावापुढे वाचले गेले. परंतु दुभाषी असते तरी दोष उरलाच असता. ज्याच्या सत्यतेची कोणतीही खूण दाखवलेली नाही असे विधान तत्क्षणी मान्य करणे हे माणसाच्या हाती नसते. श्रद्धा ही इच्छेची आणि बुद्धीची कृती आहे असे खुद्द मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मशास्त्र मानत आले होते, आणि हे मागणीपत्र त्याच शास्त्राच्या नावाने बुद्धीला वगळून इच्छेवर तलवार रोखत होते. 16 नोव्हेंबर 1532 रोजी पेरूमधील काहामार्का येथे इंका राजा आताउआल्पा याच्यापुढे व्हिसेंते दे व्हाल्व्हेर्दे या साधूने धर्मग्रंथ धरला, राजाने तो पाहून खाली टाकला, आणि तेवढ्याच कारणावर स्पॅनिश सेनानायक फ्रान्सिस्को पिझारोच्या 168 माणसांनी हल्ला चढवला. न वाचता येणाऱ्या पुस्तकाचा अवमान हा येथे हजारोंच्या कत्तलीला पुरेसा आधार ठरला.

पेरूच्या वार्तांनी व्यथित झालेल्यांपैकी एक होता सालामांका विद्यापीठातील धर्मशास्त्राचा प्राध्यापक फ्रान्सिस्को दे व्हितोरिया. 1539 च्या आरंभी दिलेल्या व्याख्यानात त्याने स्पेनच्या हक्काचे एकेक आधार तपासले. सम्राट सर्व जगाचा स्वामी नाही. पोपला सर्व जगावर लौकिक सत्ता नाही, तेव्हा जे त्याचे नाही ते तो कोणाला देऊ शकत नाही. शोध लागल्याने मालकी येते ती बेवारस वस्तूची, आणि ही भूमी बेवारस नव्हती. त्या लोकांनी युरोपचा शोध लावला असता तर युरोप त्यांचा झाला नसता, तसेच हेही, असा त्याचा युक्तिवाद होता. ख्रिस्ती धर्म न स्वीकारणे हेही युद्धाचे कारण होत नाही, असे त्याने सांगितले. मात्र प्रवास व व्यापार करण्याचा हक्क, उपदेशाचे स्वातंत्र्य आणि निरपराधांना नरबळीपासून वाचवण्याचे कर्तव्य या दारांनी त्याने युद्धाला पुन्हा आत येऊ दिले. एवढी चिकित्साही स्पेनचा राजा व सम्राट असलेल्या पाचव्या चार्ल्सला मानवली नाही; त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याने सालामांकातील डॉमिनिकन मठाच्या प्रमुखाला पत्र लिहून या विषयाची चर्चा बंद करण्याची आज्ञा केली.

बार्तोलोमे दे लास कासास हा या प्रश्नाकडे दुसऱ्या वाटेने आला. सेव्हिलमध्ये जन्मलेला हा माणूस 1502 मध्ये हिस्पानिओलाला गेला, एन्कोमिएन्दाचा धनी झाला आणि क्युबाच्या विजयात पाद्री म्हणून सैन्याबरोबर राहिला. 1514 मध्ये प्रवचनाची तयारी करताना, गरिबांकडून हिसकावलेल्या वस्तूंचे नैवेद्य ईश्वराला मान्य नसतात असे सांगणाऱ्या बायबलमधील भागापाशी तो अडखळला आणि त्याने आपल्या हवाली असलेली माणसे सोडून दिली. पुढे डॉमिनिकन साधू, 1542 च्या नव्या कायद्यांमागील एक प्रमुख प्रेरक आणि मेक्सिकोच्या दक्षिणेकडील चियापासचा बिशप अशी त्याची वाटचाल झाली. नव्या कायद्यांनी एन्कोमिएन्दा क्रमाने संपवायची होती. पेरूतील वसाहतवाल्यांनी बंड केले, त्यात राजप्रतिनिधी मारला गेला, आणि वारसाहक्क तोडणारे कलम राजाला मागे घ्यावे लागले.

1550 च्या एप्रिलमध्ये चार्ल्सने या प्रश्नाचा निर्णय होईपर्यंत नव्या मोहिमा थांबवण्याची आज्ञा दिली. विजय चालू असताना त्याच्या न्याय्यतेचा विचार करण्यासाठी तो थांबवणारा सम्राट इतिहासात सहज सापडत नाही, आणि आज्ञेचे पालन कितीही अपुरे झाले तरी ही गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवली पाहिजे. ऑगस्टमध्ये वायादोलिद येथे चौदा धर्मशास्त्रज्ञ व विधिज्ञांचे मंडळ बसले. एका बाजूस ॲरिस्टॉटलच्या ‘राज्यशास्त्रा’चा लॅटिन अनुवादक हुआन खिनेस दे सेपुल्वेदा होता, ज्याने अमेरिका कधीही पाहिली नव्हती, दुसऱ्या बाजूस लास कासास होता. सेपुल्वेदाने आपली बाजू काही तासांत मांडली. लास कासास पाच दिवस आपले हस्तलिखित वाचत राहिला.

सेपुल्वेदाची भूमिका चार मुद्द्यांची होती. हे लोक स्वभावतःच दास आहेत, म्हणजे ॲरिस्टॉटलने वर्णिलेल्या, दुसऱ्याच्या बुद्धीने चालण्यास योग्य अशा वर्गातले आहेत. त्यांची मूर्तिपूजा व नरबळी हे निसर्गनियमाविरुद्धचे अपराध दंडास पात्र आहेत. बळी जाणाऱ्या निरपराधांना सोडवणे हे कर्तव्य आहे. आणि आधी सत्ता बसल्यास उपदेश सुकर होतो. यांपैकी पहिला आणि चौथा मुद्दा आज कोणाला क्षणभरही थांबवणार नाही. तिसऱ्याचे तसे नाही. वेदीवर नेल्या जाणाऱ्या माणसाला वाचवण्याची शक्ती असताना न वाचवणे हा अपराध आहे, असे कोणाही सहृदय माणसाला वाटेल, आणि व्हितोरियासारखा सावध विचारवंतही येथे युद्धाच्या बाजूला झुकला होता.

लास कासासने याच ठिकाणी आपली सारी शक्ती लावली. बळींची संख्या फुगवून सांगितली जाते, आणि युद्धात त्याहून कितीतरी अधिक निरपराध मरतात, तेव्हा दोन अनिष्टांतील लहान ते पत्करले पाहिजे, हे त्याचे उत्तर व्यवहाराचे होते. दुसरे उत्तर अधिक खोल जाणारे होते. ईश्वर आहे, हे माणसाला स्वाभाविक बुद्धीने अंधूकपणे कळते. त्याच्याकडून सर्व काही मिळाले आहे म्हणून त्याचे ऋण फेडावे, हेही कळते. ऋण मोठे तर अर्पणही जवळ असलेल्यांतले सर्वश्रेष्ठ असावे. आणि मनुष्याजवळ जीवनाहून श्रेष्ठ काही नाही. प्रकटित धर्माचा, म्हणजे ईश्वराने स्वतः सांगितलेल्या नियमाचा, प्रकाश जेथे पोहोचलेला नाही तेथे ही विचारमालिका नरबळीपाशी येऊन थांबली तर तिला बुद्धिहीनता म्हणता येत नाही. बायबलमध्ये अब्राहामाला पुत्राचा बळी मागितला गेला होता, इफ्ताहाने आपल्या मुलीविषयी नवस केला होता, याची आठवणही त्याने परीक्षकांना करून दिली. शिवाय, आपल्या समाजातील वडीलधारे व ज्ञानी ज्याला मान्यता देतात ते सामान्य माणसाने मानावे, हा ॲरिस्टॉटलचाच दंडक आहे. मग शस्त्रे घेऊन आलेल्या, लूट करणाऱ्या परक्यांच्या शब्दावर त्यांनी आपल्या पूर्वजांचे दैवत एका दिवसात का सोडावे? त्याने याला सयुक्तिक भ्रम म्हटले, म्हणजे चुकीचा असूनही उपलब्ध पुराव्यावरून प्रामाणिकपणे झालेला समज.

हा सापेक्षतावाद नव्हे. प्रत्येकाचे सत्य वेगळे असते, असे लास कासासने कोठेही म्हटले नाही. ख्रिस्ती धर्मच एकमेव सत्य आहे, याविषयी त्याला तिळमात्र शंका नव्हती. त्याने भेद केला तो सत्य आणि सत्याची प्रचिती यांत. एखादी गोष्ट खरी असणे हे तिच्यात असते, परंतु ती मान्य करण्याचे बंधन माणसावर येते ते तिची प्रचिती त्याला झाल्यावर, आणि प्रचिती देण्याची जबाबदारी सांगणाऱ्याची असते. म्हणून उपदेशकाचे आचरण, त्याची नम्रता, त्याचा संयम ही पुराव्याचाच भाग होतात, आणि ज्याच्यामागे सैनिक उभे आहेत त्याचा उपदेश खरा असला तरी ऐकणाऱ्याला तो नाकारण्याचा अधिकार उरतो. येथे लास कासासने आपल्या धर्माला लहान केले नाही. उलट तलवारीच्या आधाराशिवाय उभे राहण्याइतका तो समर्थ आहे, या श्रद्धेवरच त्याचा युक्तिवाद टेकला होता.

या कसोटीने त्याच दशकाकडे पाहिले तर गोव्याची आठवण टाळता येत नाही. 1455 च्या आज्ञापत्रापासून चालत आलेल्या पोर्तुगीज हक्कांतून ‘पाद्रोआदो’, म्हणजे चर्चच्या पालकत्वाचा राजाला मिळालेला अधिकार, आकारास आला होता. 1510 मध्ये गोवा जिंकला गेला, 1540 मध्ये तिसवाडीतील देवळे पाडली गेली, आणि वायादोलिदच्या वादानंतर दशकही उलटत नाही तोच, 1560 मध्ये, गोव्यात इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायासन स्थापन झाले. त्याचा अधिकार तत्त्वतः बाप्तिस्मा झालेल्यांवर असला तरी हिंदूंच्या विधींवरील बंधनेही त्याच्या कक्षेत आली. लास कासासचा युक्तिवाद मेक्सिकोपुरता असता तर त्याचे मोल मर्यादित राहिले असते. परंतु जे कुटुंब देवाची मूर्ती उचलून रातोरात नदीपलीकडे गेले, त्याच्याही वतीने तो तितकाच लागू पडतो.

लास कासासचे दोषही लपवण्याजोगे नाहीत. स्पेनच्या राजाचे सार्वभौमत्व त्याने दीर्घकाळ मान्य केले, फक्त त्याचे साधन शांततेचे असावे एवढेच म्हटले. त्याहून गंभीर म्हणजे 1516 मध्ये त्याने बेटांवरील लोकांचा भार हलका करण्यासाठी दास आणण्याची सूचना केली, आणि आफ्रिकेतून माणसे आणण्याच्या प्रथेला तिने हातभार लावला. आफ्रिकी माणसांना पकडण्यातही तोच अन्याय आहे, हे त्याला पुढे कळले. आपल्या इतिहासग्रंथात त्याने स्वतःच्या अज्ञानाची कबुली दिली आणि ते अज्ञान ईश्वरापुढे आपल्याला सोडवील की नाही याची खात्री नसल्याचे नोंदवले. इतरांच्या अज्ञानाला ज्याने एवढ्या आस्थेने क्षम्य ठरवले, त्याने स्वतःच्या अज्ञानाला ती सवलत दिली नाही.

मंडळाची दुसरी बैठक 1551 मध्ये झाली आणि निर्णय कधीच जाहीर झाला नाही. 1573 मध्ये राजा दुसऱ्या फिलिपच्या अध्यादेशाने ‘विजय’ हा शब्द काढून त्याऐवजी ‘शांतता प्रस्थापना’ हा शब्द घातला. सेपुल्वेदाचे मुख्य पुस्तक छापण्यास परवानगी मिळाली नाही आणि ते 1892 पर्यंत अप्रकाशित राहिले. लास कासासने 1552 मध्ये सेव्हिलला छापलेला अत्याचारांचा छोटा वृत्तांत मात्र युरोपच्या अनेक भाषांत गेला, आणि स्पेनच्या डच व इंग्रज प्रतिस्पर्ध्यांनी तो आपल्या कामासाठी वापरला. वायादोलिदला पाच दिवस वाचलेले लॅटिन हस्तलिखित, ज्यात वेदीपुढे उभ्या असलेल्या परक्या माणसाच्या भक्तीचा तो विचार होता, पॅरिसच्या ग्रंथालयात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत न छापलेले पडून राहिले.