पुसलेल्या जागी काय उरते?

फोटोतील नको असलेली गोष्ट काढून टाकणे आता फार सोपे झाले आहे. थॉमस आणि जॉन नोल या दोघा भावांनी तयार केलेले फोटोशॉप १९९० साली बाजारात आले, तेव्हा हे जाणकारांचे काम होते. आज घरातले मूलही मोबाईलवर ते करते. बोट फिरवले की विजेची तार गेली, मागून चाललेला माणूस गेला. हे खोटे बोलणे आहे काय, असा प्रश्न ख्रिस्ती माणसाने स्वतःला विचारला पाहिजे.

सरसकट होय किंवा नाही म्हणून चालणार नाही. जुन्या फोटोवरचा बुरशीचा डाग काढला, तर आपण काहीच लपवत नाही. फोटो काढला तेव्हा तो डाग नव्हताच. उलट आजीचा चेहरा पुन्हा दिसू लागतो. विजेच्या तारेनेही सहसा कोणावर अन्याय होत नाही. पण माणूस काढला की गोष्ट बदलते.

माणूस पुसल्यावर त्याच्या मागे काय होते हे सॉफ्टवेअरला ठाऊक नसते, कारण कॅमेऱ्याने ते टिपलेलेच नसते. म्हणून ते आजूबाजूचे रंग व आकार पाहून अंदाजाने जागा भरते. म्हणजे ही नुसती वजाबाकी नव्हे. कोणी न पाहिलेले काहीतरी पाहिले म्हणून पुढे ठेवले जाते.

संगणक येण्यापूर्वीही हे घडले आहे. सोव्हिएत रशियाच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख निकोलाय येझोव्ह एका फोटोत मॉस्को-व्होल्गा कालव्याकाठी स्टालिनजवळ होता. १९४० साली त्याला ठार मारण्यात आले, आणि बदललेल्या फोटोत त्याच्या जागी नुसते पाणी राहिले. येझोव्ह निरपराध नव्हता. त्याचे हात रक्ताने माखलेले होते. पण त्याला पुसल्याने ते रक्त धुतले गेले नाही. ते कोणाच्या राज्यात सांडले, याची खूण मात्र नाहीशी झाली.

आपण काही स्टालिन नव्हे, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण काडीमोड झालेली सून घरच्या फोटोतून काढली जाते. मर्जीविरुद्ध लग्न केलेला मुलगा काढला जातो. मंडळीच्या शताब्दीची स्मरणिका निघताना, भांडून गेलेल्या पंचांच्या जागी भिंत आणण्याचा मोह होतो.

पवित्र शास्त्राची रीत निराळी आहे. मत्तयाने दिलेल्या प्रभूच्या वंशावळीत तामार आहे, राहाब आहे. शलमोनाची आई तर उरीयाची बायको म्हणूनच नोंदली आहे. पेत्राचा नकार चारही शुभवर्तमानांत आहे. बथशेबेची हकिकत पहिल्या इतिहासात नाही, पण दुसऱ्या शमुवेलात आहे, आणि दोन्ही पुस्तके आपल्या हाती एकाच शास्त्रात आली आहेत. पुनरुत्थित प्रभू थोमापुढे उभा राहिला, तेव्हा त्याच्या हातांवरचे वणही पुसलेले नव्हते.

मग देव आपले अपराध पुसून टाकतो, असे शास्त्र सांगत नाही काय? सांगते. पण देव अपराध पुसतो आणि अपराध्याला जवळ ठेवतो. आपण अपराध्याला पुसतो आणि राग मात्र जपून ठेवतो.

याचा अर्थ प्रत्येक फोटो भिंतीवर लावलाच पाहिजे असा नव्हे. ज्याने मारहाण केली त्याचा चेहरा रोज पाहण्याची सक्ती त्या बाईवर कोणी करू नये. तिने तो फोटो पेटीत ठेवावा, वाटल्यास टाकूनही द्यावा. फोटो न दाखवणे वेगळे, आणि बदललेला फोटो खरा म्हणून दाखवणे वेगळे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुलांना एक सोपी कसोटी द्यावी, असे आम्ही सुचवतो. ज्याला फोटोतून काढले, त्याच्याच हाती तो फोटो देताना आपली मान खाली जाईल काय? जात असेल, तर मूळ फोटोच ठेवावा. आणि जमल्यास तो घेऊन त्याच्या घरी जाऊन यावे.