खोल पाणी शेवटी

नदीच्या मधोमध उभी होते आणि पायाखाली कोरडी रेती होती. रस्ता नदीत उतरतो तिथे, पूर आला तर पाणी किती चढलंय हे कळावं म्हणून, खांब रोवलेला. त्याच्यावर दोन मीटरपर्यंत खुणा केलेल्या, आणि बुंध्याशी वाळूच वाळू. ऑस्ट्रेलियाच्या पोटातल्या ॲलिस स्प्रिंग्ज गावाहून आम्ही पश्चिमेला निघालो होतो. लेक गाडी चालवत होती. अशा तीन-चार नद्या ओलांडल्यावर १३५ किलोमीटरवर ऑर्मिस्टनची घळ आली.

या भागात वर्षाचा पाऊस सरासरी २८० मिलिमीटरच्या आसपास. आपल्या महाबळेश्वरला धो धो कोसळतो तेव्हा एवढा एका दिवसात पडून जातो. आणि ऊन असं, की उघड्यावरचं जवळजवळ तीन मीटर पाणी वर्षाकाठी उडून जातं. तरीही त्या लाल कड्यांच्या मध्ये डोह होता. काळाशार, भरलेला. दक्षिणेच्या टोकाला तो चौदा मीटरपर्यंत खोल असतो म्हणतात.

काठावर बसून तो कसा टिकला असेल याचा विचार करत राहिले. पूर येतो तेव्हा रुंद पात्रातलं सगळं पाणी त्या अरुंद फटीतून घुसतं आणि तळ खरवडून काढतं. मग पाऊस जातो, नदी आटते. पण खड्डा खोल, आणि कड्यांची सावली दिवसाचा बराच वेळ पाण्यावर. आजूबाजूचं पाणी आधी जातं, हे राहतं.

जुलै महिना, म्हणजे तिकडचा हिवाळा. पाण्यात हात घातला तर बोटं बधिर झाली. हात तसाच ठेवला, तेव्हा करंगळीएवढे मासे जवळ आले. रेतीच्याच रंगाचे, हलले तरच दिसत होते. घळीतून वाहणारा ओढा पुढे फिंक नदीला मिळतो आणि फिंकमधल्या काही जातींचे मासे जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. शेकडो किलोमीटरची नदी कोरडी पडते तेव्हा ते अशा मोजक्या डोहांत तग धरतात. पूर आला की बाहेर पडतात, नव्याने भरलेल्या डबक्यांत पसरतात, तिथे वाढतात. डबकी आटली की तिथले मरतात. डोहातले उरतात आणि पुढच्या पुराची वाट बघतात. कधीकधी काही वर्षंसुद्धा. त्या बोटभर जिवांकडे बघताना मला भरून आलं.

हा मुलूख अरेर्न्टे आदिवासींचा. त्यांच्यातलाच अल्बर्ट नामतजिरा (१९०२ ते १९५९) याने इथले लाल डोंगर आणि पांढऱ्याशुभ्र खोडांची झाडं जलरंगांत रंगवली. आम्ही आलो त्या रस्त्याला त्याचंच नाव आहे. आणि त्याला पूर्ण नागरी हक्क मिळाले ते १९५७ साली, आयुष्याच्या शेवटी! ज्यांच्या पूर्वजांनी हजारो वर्षं या पाण्याच्या आधाराने वाळवंटात संसार केला, त्यांना स्वतःच्याच भूमीत हक्क कुणी तरी द्यावे लागले. हे मला तिथे फार टोचलं.

ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटी भागांतल्या आदिवासींची पाण्याची एक रीत वाचली होती, ती डोहाकाठी आठवली. पाऊस पडला की ते पांगायचे. लांबच्या उथळ डबक्यांचं, खडकांतल्या खळग्यांचं पाणी आधी वापरायचे, कारण ते तसंही उडूनच जाणार. ते संपत आलं की मागे मागे सरकत कायमच्या पाण्याकडे यायचे. खोल पाणी शेवटी.

आम्ही आष्टीकडचे, बीड जिल्ह्यातले. आमच्याकडे बरोबर उलटं चालतं. दिवाळीत विहीर अर्धी भरलेली असते, आणि मोटर मात्र बोअरची चालू असते. कारण बोअर घराजवळ आहे, बटण दाबलं की झालं. विहिरीतलं पाणी न वापरताच कमी होत राहतं आणि साडेसहाशे फुटांवरचं, कधीकाळी मुरलेलं पाणी आम्ही आधी उपसतो. मार्चमध्ये विहीर तळ दाखवते आणि बोअर हवा फेकते. मग टँकरची वाट बघत आम्ही पावसाला बोल लावतो. पाऊस कमी पडतो हे खरंच आहे. पण पडलेला कोणत्या क्रमाने वापरायचा, हे तर आमच्या हातात होतं.

त्या रात्री मुक्कामावरून दिरांना फोन केला. विहिरीची मोटर दोन वर्षांपासून जळालेली पडली होती. परत आल्यावर पहिल्या आठवड्यात ती भरून आणली. यंदा विहिरीत पाणी आहे तोवर बोअरचं बटण दाबायचं नाही, असं घरात ठरलं आहे. तुमच्याकडे विहीर आणि बोअर दोन्ही असतील, तर आज कोणती मोटर चालू आहे, ते एकदा बघून या.