दोष कोणाचा? : चित्रपटातील नाट्य, त्याचे उपप्रकार आणि करुणा

चित्रपटांचे प्रकार लावताना 'ड्रामा' या सदराची अडचण अशी की, ते सदर नसून उरलेल्यांची कोठी आहे. जेथे हाणामारी नाही, भूत नाही, हसवणूक नाही आणि तरीही माणसे एकमेकांना दुखावतात, ते सारे त्यात जाते. मराठीत या शब्दाला नेमका पर्याय रूढ झाला नाही, ही मला उणीव वाटत नाही. 'नाटक' म्हटले की रंगभूमी आठवते. 'नाट्य' म्हटले की तो गुण होतो, प्रकार राहत नाही. आपल्याकडे जाहिरातींनी आणि प्रेक्षकांनी चालवली ती उपप्रकारांचीच नावे : कौटुंबिक, सामाजिक आणि मागाहून न्यायालयीन. ही विशेषणे विषय सांगतात असे आपण मानतो. प्रस्तुत लेखकाला वाटते की, दुःखाचा दोष कोणाच्या माथी मारायचा हेही ती चित्रपट सुरू होण्यापूर्वीच ठरवून टाकतात. प्रकाराचा प्रश्न म्हणूनच नीतीचा प्रश्न ठरतो.

विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी' (१९९१) मी पनवेलच्या चित्रपटगृहात पाहिला तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन. आमच्या चाळीतल्या एक आजी शेजारी होत्या. पडद्यावरच्या सासूला त्यांनी मध्यंतरापर्यंत तळतळाट दिले आणि उत्तरार्धभर पदर ओला केला. घरी परतल्यावर चहाला उशीर झाला म्हणून त्यांनी सुनेला जे ऐकवले, ते भिंतीपलीकडे आम्हां सर्वांना ऐकू आले. ही हकीकत मी वर्गात कित्येक वर्षे विनोदासारखी सांगत आलो. एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, सूनही होती ना चित्रपटाला?" होती. तीही रडत होती. सासूच्या शेजारी बसून, कारण न विचारले जाता रडण्याची तेवढी एकच जागा तिला असेल, हे मला तोवर सुचले नव्हते. आजींचे अश्रू खोटे होते असेही मी आता म्हणणार नाही. अडचण आहे ती अश्रू खरे असूनही ते कोठेच पोचत नाहीत, ही.

याचे एक कारण आपल्या काव्यशास्त्रातच सापडते. करुण आणि विप्रलंभ यांतला भेद सांगताना नाट्यशास्त्र करुणाला निरपेक्ष, म्हणजे आशा संपलेला, मानते. पुढे अभिनवगुप्ताने साधारणीकरणाची जी मीमांसा केली, तिच्यानुसार शोक अमुक एका व्यक्तीचा राहत नाही, म्हणूनच त्याचा आस्वाद शक्य होतो. परंतु दुःख कोणा एकाचे राहिले नाही, की ते कोणी दिले हा प्रश्नही गळून पडतो. सामाजिक चित्रपटाला याउलट उपाय हवा असतो, म्हणजे आशा हवी असते आणि दोषीही नेमका हवा असतो. कौटुंबिक करुणपट दोन्ही मागतो : करुणाची निराशा आणि वर एक खलनायिका. दोष एका सासूच्या अंगी चिकटवला की बाकीच्या सासवा प्रेक्षक म्हणून निर्धास्त बसू शकतात.

'प्रभात'च्या 'कुंकू'ने (१९३७) ही सोय नाकारली होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरील या चित्रपटात शांतारामांनी पार्श्वसंगीताचा आधार टाळला. भावना कोठे उचंबळावी याची सूचना प्रेक्षकाला मिळत नाही. वृद्ध बिजवराशी फसवून लग्न लावलेली नीरा त्याला पती मानायला नकार देते. काकासाहेब खलपुरुष नाहीत. ते वकील आहेत आणि अखेरीस स्वतःच्या खटल्यात स्वतःच न्यायाधीश होतात. तरीही त्यांच्या आत्महत्येपाशी मी दर वेळी अडखळतो. नीरेचा नकार न्याय्य होता, हे मान्य व्हायला एक मरण लागते आणि आपल्या सहानुभूतीचा शेवटचा वाटा त्या वृद्धाकडे जातो. ज्यांनी मुलगी त्याच्या गळ्यात बांधली, त्यांचा हिशेब राहूनच जातो.

शांता निसळ यांच्या 'बेघर'वरून जब्बार पटेल यांनी केलेल्या 'उंबरठा'त (१९८२) दोष व्यक्तीकडून संस्थेकडे सरकतो. येथे धोका उलटा : सगळी व्यवस्थाच दोषी ठरली की कोणालाच जबाब द्यावा लागत नाही. तेंडुलकरांच्या पटकथेने तो काहीसा टाळला, कारण सुलभा महाजनलाही ती सूट देत नाही. लहान मुलीला मागे ठेवून ती गेलेली आहे आणि ती किंमत चित्रपट झाकत नाही.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला (२०१४) मात्र न्यायालयीन नाट्य म्हणणे म्हणजे त्याच्यावर अन्यायच. या उपप्रकारात उलटतपासणीने सत्य उघडे पडते आणि निकालाने प्रेक्षक मोकळा होतो, असा संकेत आहे. येथे शाहीर नारायण कांबळे यांच्यावर आरोप आहे तो गाण्यातून एका गटार-कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा. त्याची विधवा साक्षीला उभी राहते तेव्हा रडत नाही. नवरा गटारात उतरण्यापूर्वी झुरळ बाहेर येते का ते पाहायचा, दारू प्यायचा, त्याचा एक डोळा गेला होता, हे ती भाजीचा भाव सांगावा तसे सांगते. आपण करुणेची तयारी करून बसलेलो असतो आणि ती जागा रिकामीच राहते. त्या रिकाम्या जागेत प्रथमच प्रश्न पडतो की, मुखवट्याची, हातमोज्यांची जबाबदारी कोणाची होती. तो प्रश्न कोर्टात कोणाला आरोपी करीत नाही.

सरकारी वकील बाई संध्याकाळी मुलाला घेऊन घरी जातात, स्वयंपाक करतात आणि सुटीच्या दिवशी कुटुंबासह मराठी नाटकाला जातात. नाटकात परप्रांतीयावर तोंडसुख घेतलेले असते आणि प्रेक्षागृह हसत असते. त्या बाई दुष्ट नाहीत. कदाचित त्यांनी आमच्या आजींसारखाच 'माहेरची साडी'ही रडत पाहिला असेल. न्यायालयाला सुटी लागते, दिवे मालवले जातात. चित्रपट संपला असे वाटते, पण तो न्यायाधीशांबरोबर सहलीला जातो. तेथे बाकावर डुलकी घेत असताना मुले ओरडून त्यांची झोपमोड करतात, तेव्हा ते हाताला लागलेल्या एकाला चपराक मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात.