अनेसिमाबरोबर कोण चालेल?

शास्त्रपाठ : फिलेमोनास पत्र, वचनें १० ते २२



एक मुलगा सुधारगृहांतून सुटून आमच्या मंडळींत परत आला. तेथें तो वेल्डिंगचें काम शिकला होता. मीं तालुक्याच्या गांवीं एका वर्कशॉपच्या मालकास विनंति केली व त्यास काम मिळालें. त्या रविवारीं आम्हीं देवाचे उपकार मानले, आणि माझें कर्तव्य संपलें असें मी समजलों. नवव्या दिवशीं मुलगा घरीं बसलेला आढळला. दोन दिवस त्यास ताप होता. त्यानें निरोप धाडला नाहीं. परत गेला तेव्हां मालक चारचौघांत रागावला, आणि हा हातमोजे टाकून निघून आला. "मला काम येतें, मग बोलणीं कां खावीं?" असें तो मला म्हणाला.

काम करण्याची विद्या एक आणि काम टिकविण्याची विद्या दुसरी. पहिली त्यास शिकविलेली होती. दुसरी कोणींच शिकविली नव्हती. मींही नाहीं.

आतां अनेसिमाकडे पाहा. तो आपल्या धन्यापासून दुरावला होता, व त्याचें कांहीं नुकसानही त्यानें केलें असावें असें पत्रावरून दिसतें. बंदिवान पौलाच्या सहवासांत तो प्रभूचा झाला. त्याच्या नांवाचा अर्थ 'उपयोगी' असा आहे. पूर्वींचा निरुपयोगी मनुष्य आतां नांवाप्रमाणें झाला, असें पौल कळवितो. दास्याची ती रीत गेली हें बरेंच झालें. परंतु परतणाऱ्यास कसें पाठवावें, हा धडा आपणांसाठीं राहिला आहे.

पहिली गोष्ट, पौलानें त्यास एकटें पाठविलें नाहीं. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या ४ थ्या अध्यायांत तुखिक त्याच्या सोबतीस दिसतो. सुधारगृहांत घंटा झाली कीं मुलें उठतात, घंटा झाली कीं जेवतात. आपला दिवस आपण आंखण्याची संवय त्यांस राहत नाहीं. म्हणून पहिले कांहीं महिने कोणीतरी सोबत असावें. कोणती एस. टी. धरावी, ती चुकली तर काय करावें, आजारी पडल्यास कामाची वेळ होण्यापूर्वीं फोन कसा करावा, समजलें नाहीं तर पुन्हां कसें विचारावें, पगारांतून प्रवासखर्च आधीं कसा काढून ठेवावा, हें त्यास करवून दाखवा. रात्रीं ओसरीवर तुम्ही मालक व्हा, त्यास रागें भरा, आणि शांतपणें उत्तर देण्याचा सराव त्याजकडून करवून घ्या. एकदां सांगून हें येत नाहीं.

दुसरी गोष्ट, अनेसिमाचें देणें पौल स्वहस्तें लिहून आपल्या नांवावर घेतो. तुम्हीही मालकास सांगा, "मुलगा चुकला तर काढण्यापूर्वीं मला कळवा." त्याच्या गतकाळाचा पाढा मात्र वाचूं नका. इ. स. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणें, सोळा वर्षांवरील मुलांच्या अत्यंत गंभीर गुन्ह्यांचा अपवाद सोडला तर, बालपणींच्या गुन्ह्यामुळें कायद्याची कोणतीही अपात्रता पुढें लागत नाहीं. आणि प्रकरण निकालांत निघाल्यावर चारित्र्याच्या दाखल्यासाठीं पोलिसांनींही ती नोंद उघड करावयाची नसते. सरकार जें झांकतें, तें आपण पाणवठ्यावर कां उघडें करावें?

तिसरी गोष्ट, पौल फिलेमोनास आपणासाठीं बिऱ्हाड तयार ठेवावयास सांगतो. पत्र लिहून तो मोकळा झाला नाहीं. स्वतः येऊन पाहण्याची त्याची इच्छा होती. शिवाय तें पत्र फिलेमोनाच्या घरीं जमणाऱ्या सर्व मंडळीसही लिहिलेलें आहे.

मीं मुलास बरोबर घेऊन त्या मालकाची क्षमा मागितली. त्यानें क्षमा केली, परंतु काम दिलें नाहीं. तो त्याचा हक्क होता. दुसरें काम मिळावयास चार महिने लागले. ह्या वेळीं आमचे उपदेशक पहिला महिनाभर रोज पहाटे त्याजबरोबर एस. टी. च्या थांब्यापर्यंत गेले. तेथें त्यास आतां वर्ष झालें आहे. अद्यापही कधीं कधीं तो संध्याकाळीं संतापून येतो, ओसरीवर बसतो, आणि सकाळीं कामावर जातो.

बंधूंनो, तुमच्या गांवीं असा मुलगा परत आला, तर त्याच्यासाठीं प्रार्थना करा; आणि दुसऱ्या दिवशीं पहाटे त्याचें दार ठोठावा. प्रभु आपणां सर्वांस तुखिकाचें मन देवो. आमेन.